बिनशेपटाचं म्हणणं

तुरुंगाच्या कचेरीत टकटकबाई बावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसत होती. त्या बावीस वर्षांत तिनं जितके खुनी जवळून पाहिले तितके एखाद्या न्यायाधीशानंही पाहिले नसतील. न्यायाधीश बसतो उंचावर, लांब. बाईच्या आणि खुन्याच्या मधे फक्त एक टेबल, आणि त्या टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली नियमांचं जुनं पुस्तक सरकवलेलं. नियमांचा तेवढा एक उपयोग त्या कचेरीत रोजच्या रोज होत असे.

काम असं होतं. ज्यांची शिक्षेची बरीच वर्षं भरली आहेत त्यांना लवकर सोडायचं की नाही हे ठरवायला एक समिती बसायची. समितीपुढे जाण्याआधी प्रत्येक कैद्यानं आपलं 'म्हणणं' द्यायचं: काय झालं, का झालं, आता काय वाटतं. कैदी स्टुलावर बसून बोलणार, दारात शिपाई पेपर वाचणार, आणि बाई कार्बन घालून तीन प्रती टाइप करणार. मग ते मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि कैद्याची सही घ्यायची. एक प्रत समितीला, एक फायलीत, एक मेलेल्या माणसाच्या घरी. खाडाखोड एकही चालायची नाही.

खून केलेला माणूस आपल्या खुनाबद्दल कसा बोलतो ते या बाईकडूनच ऐकावं. एकाचा 'हात सुटला' होता, जणू हात म्हणजे दावं तोडून गेलेलं वासरू. एका शिक्षकानं चुलत्याला विष पाजलं होतं, त्याचं म्हणणं, "मी फक्त ग्लास पुढे केला, प्यायले ते." एकाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती, पण त्या अंधारात त्याला नेमकी मान सापडली. दोघांना संपवून आलेला एक जण पाऊण तास स्वतःच्या गुडघेदुखीवर बोलला आणि शेवटी म्हणाला, "त्यात पुन्हा हे लफडं झालं." दारूनं खून केले होते, ग्रहांनी केले होते, सासूनं, उन्हानं, भाऊबंदांनी केले होते. समोर बसलेला माणूस तेवढा बिचारा वाटेनं चालला होता.

बाई घरी जाऊन जेवताना नवऱ्याला सांगायची, "आज एक जण म्हणतो, सुरी तिथं आधीपासूनच होती हो."

नवरा म्हणायचा, "भाजी वाढ."

असली म्हणणी जशीच्या तशी गेली असती तर समितीनं एकालाही सोडलं नसतं. म्हणून कचेरीनं एक सोय करून ठेवली होती. म्हणणं कसंही असो, शेवटी बाई आपल्या मनानं एक वाक्य घालायची: 'झाल्या प्रकाराचा मला मनःपूर्वक पश्चात्ताप होत असून उर्वरित आयुष्य मी सन्मार्गाने व्यतीत करीन.' या वाक्याला कचेरीत 'शेपूट' म्हणत. "शेपूट लावलं का?" असं हेडक्लार्क विचारायचा, आणि लावलेलं दिसलं की नवव्या रकान्यात, म्हणजे 'पश्चात्ताप आहे / नाही' यातल्या 'नाही'वर काट मारून शिक्का हाणायचा. शिक्का मारण्याची त्याला इतकी हौस की लोक त्याला शिक्काराव म्हणत. कैद्यांनाही हे ठाऊक होतं. बोलून झालं की ते हक्कानं म्हणायचे, "बाई, ते पुढचं तुम्ही घालाल ना?" जसं दुकानात पिशवी मागावी.

चारशेवर लोक त्या एका वाक्यावर घरी गेले. अडली फक्त एक म्हातारी. तिनं मुलीच्या नवऱ्याला उखळात घालायच्या मुसळानं मारलं होतं. वाचून दाखवताना शेपूट आलं तशी ती म्हणाली, "हे कोण बोललं?"

"असं लिहावं लागतं, आजी."

"मग लिहिणारणीनं सही करावी. मला परत सापडला तर परत हाणीन." ती अजून आतच होती, बायकांच्या बराकीमागे मिरच्यांना पाणी घालत. बाई तिच्यावर मनातून खूश होती, पण म्हणून काही शेपूट लावायची थांबली नाही. नोकरी ती नोकरी.

आणि एका सोमवारी चौदा फायलींच्या गठ्ठ्यात वरून सहावी फाइल तिच्या सख्ख्या भावाच्या खुन्याची निघाली.

हा माणूस अकरा वर्षं दुसऱ्या तुरुंगात होता. समितीसाठी त्याला इकडे हलवला होता. फायलीवरचं नाव बाईच्या घरात कुणी उच्चारत नसे, घरात तो नुसता 'फिटर' होता. बाईचा दादा बस डेपोत मेकॅनिक आणि हा त्याच्या हाताखालचा फिटर. एका संध्याकाळी डेपोच्या शेडमधे त्यानं चाकाचा पाना घालून दादाचं डोकं फोडलं.

कचेरीत यातलं कुणाला माहीत नव्हतं. बाईचं आडनाव सासरचं. भाऊ गेला तेव्हा तिनं 'कामावर अपघात' असंच सांगितलं होतं, कारण तुरुंगाच्या कचेरीत 'माझ्या भावाचा खून झाला' म्हटलं की लोक चहा आणून देतात आणि मग खुर्ची ओढून तपशील विचारतात.

दादाची जीभ तिखट. डेपोत नाव न ठेवलेला माणूस त्यानं शिल्लक ठेवला नव्हता. मॅनेजरला तो 'हॉर्न' म्हणायचा, झाडूवाल्याला 'साहेब'. बहिणीला टकटकबाई त्यानंच केलं, आणि एकदा डबा द्यायला आला तेव्हा कचेरीच्या दारातून अशी हाक मारली की तेव्हापासून तिचं खरं नाव हजेरीपुस्तकातच राहिलं. त्यामुळे कोर्टात फिटर जेव्हा म्हणाला की 'त्यानं मला आईवरून घाण शिवी दिली, अंगावर आला, म्हणून झालं,' तेव्हा ते सगळ्यांना पटलं. कोर्टाला पटलं, गल्लीला पटलं. सगळ्यात वाईट म्हणजे दादाच्या आईला पटलं. तिनं घरातल्या कुणाला कोर्टाची पायरी चढू दिली नाही. "कुणाच्या आईला बोलून मेला," एवढं एकच वाक्य ती मरेपर्यंत बोलत राहिली. पोर गेल्याचं रडणंही तिला धड रडता आलं नाही. चोरून रडायची, न्हाणीघरात, नळ सोडून.

बाईनं फाइल उघडली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं ते कागद पाहिले. पंचनाम्यात एका ओळीवर तिचं बोट थांबलं: 'मृताच्या दोन्ही हातांस कोपरापर्यंत साबणाचा फेस वाळलेला.'

तिनं ती ओळ तीनदा वाचली. कोपरापर्यंत साबण लावून कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. माणूस हात धूत उभा होता, भिंतीकडे तोंड करून.

नियम साफ होता. कैद्याशी असं काही नातं असेल तर साहेबांना लिहून कळवायचं आणि बाजूला व्हायचं. बाईनं यंत्रात कागद घातला, 'माननीय साहेब, विनंती की' इतकं टाइप केलं आणि थांबली. ती बाजूला झाली असती तर हिशेब विभागातला तो कुबडा टायपिस्ट आला असता. त्यानंही शेपूट लावलंच असतं, आणि शब्द तिचेच, बावीस वर्षांपूर्वी तिनंच बसवलेले. दादाचा खुनी तिच्या वाक्यावर बसून घरी गेला असता. तिनं कागद ओढून काढला, चुरगाळला आणि टोपलीत टाकला. "बघू या," ती यंत्राला म्हणाली, "लेकाचा स्वतःच्या तोंडानं किती लांब जातो ते."

त्याच आठवड्यात वहिनी आली. दादाची बायको, एका शाळेत शिपाईण होती. एरवी ती बाईला ताई म्हणायची, रागावली की वन्सं.

"वन्सं, हे आलंय," तिनं पर्समधून फॉर्म काढला. मृताच्या वारसांचं मत. हरकत आहे, हरकत नाही. "मी 'हरकत नाही' लिहून टाकते."

"का म्हणून?"

"का म्हणजे काय? सुटायचा तो सुटणारच. मला त्याचं नाव घरात नको, कागदावरसुद्धा. आणि खरं सांगू? आपल्या माणसाची जीभ तरी कुठं गोड होती? मला लग्नाच्या पहिल्या दिवशी 'मालगाडी' म्हणाले होते. सगळ्यांदेखत."

"प्रेमानं म्हणाला होता गं."

"मला प्रेमानं म्हणाले. त्याला रागानं म्हणाले असतील." वहिनीनं फॉर्म बाईपुढे हलवला. "अकरा वर्षं लोक मला तेच सांगतायत, वन्सं. मी भांडून भांडून दमले."

बाईनं फॉर्म तिच्या हातातून घेतला, घडी केली आणि परत तिच्याच पर्समधे घातला. "पंधरा दिवसांची मुदत आहे. चौदा दिवस काही लिहू नकोस."

"तुम्ही काय करणार आहात?"

"टाइप," बाई म्हणाली.

फिटर आला तो इस्त्रीचे कपडे घालून. आठ दिवसांत त्यानं तुरुंग खिशात घातला होता. पाण्याचा पंप दुरुस्त केला, साहेबांची स्कूटर लावून दिली, शिपायाच्या घड्याळात पाणी गेलं होतं ते काढलं. शिपायानं त्याला स्टूल पुसून दिलं. दिसायला गोल, हसरा, केस पिकायला लागलेले. बाईला वाटलं होतं आपल्याला कार्बनही जुळवता येणार नाही. कसलं काय, बावीस वर्षांची सवय, तिनं कार्बन जुळवून कागद सरळ केला सुद्धा.

"सांगा."

त्यानं घसा साफ केला आणि सुरू झाला, पाठ केल्यासारखा. तुकडे घासूनपुसून ठेवलेले होते. "बाई, काही क्षण असे असतात की माणूस माणूस राहत नाही. तो मला सारखा हिणवायचा. त्या दिवशी आईवर गेला. आई म्हणजे माझं दैवत. मी म्हटलं, तोंड सांभाळ. तो अंगावर आला. झटापट झाली. पाना कसा हातात आला मला आजही माहीत नाही." इथं तो थांबला, मान हलवली. "वाईट झालं. पण बाई, मी मुळात चांगला माणूस आहे हो, कुणालाही विचारा. आणि झालं ते झालं. त्यांचं एक माणूस गेलं, माझी अकरा वर्षं गेली. फिट्टंफाट. त्याच्या घरच्यांनी पण आता समजून घ्यायला पाहिजे."

टक टक टक. फिट्टंफाट सुद्धा गेलं, एकही टकार न गाळता. इतरांचं असलं काही आलं की बाई ते गाळायची, सावरायची, तासून गुळगुळीत करायची. आज तिनं नुसती बोटं चालवली.

"झालं?"

"झालं. पुढचं ते तुम्ही घालताच ना?"

"तुम्ही बोलाल ते घालते."

तो हसला. त्याला वाटलं बाई गंमत करते आहे. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, सुरुवातीपासून फिट्टंफाटपर्यंत. तो डोळे मिटून ऐकत होता, जसं कुणी स्वतःचं गाणं ऐकावं. "वा," तो म्हणाला, "अगदी माझ्या तोंडचं." आणि तिन्ही प्रतींवर वळणदार सही ठोकून गेला. शेपूट आलं नाही हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

शिक्कारावाच्या मात्र आलं. तासाभरात तो कागद फडफडवत आला.

"बाई, शेपूट कुठाय?"

"तो बोलला नाही."

"तो?" शिक्कारावानं चष्मा वर केला. "आजवर कोण बोललंय? मी नवव्या रकान्यात काय लिहू?"

"जे असेल ते."

"अहो, एक ओळ! चांगला माणूस आहे, माझ्या मेहुण्याचा पंखा दिलाय मी त्याला दुरुस्तीला."

"मग पंखा येईपर्यंत आतच ठेवा."

"थट्टा पुरे. अर्धवट कागद मी पुढे पाठवत नाही. बावीस वर्षं डोळे झाकून लावलंत, आज एकदम हरिश्चंद्र झालात?"

हे बाईला लागलं. लागण्यासारखंच होतं. त्या चारशे जणांनी मारलेल्या माणसांनाही बहिणी असतील, आणि त्या बहिणींच्या घरी तिनं तिसरी प्रत पाठवली होती, शेपटासकट. तिनं मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. "परत बोलवा त्याला. पश्चात्ताप त्याच्या तोंडून येऊ दे, मी लगेच टाइप करते. आणि आलाच नाही, तर हे पहिलं जाऊ द्या, 'नाही' म्हणून."

शिक्काराव पुटपुटत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फिटर पुन्हा स्टुलावर हजर.

या वेळी बाईनं कागद चढवला आणि स्वतःच सुरुवात केली. "कालच्यात एक गोष्ट कळली नाही. तो अंगावर आला म्हणालात. साबणाच्या हातांनी?"

"काय?"

"पंचनाम्यात आहे. कोपरापर्यंत साबण. म्हणजे आधी हात धुवायला घेतले, मग म्हणाला थांब जरा, याच्या अंगावर जाऊन येतो?"

दारातला शिपाई पेपरामागे फिसकन हसला. फिटरही हसला, पण अर्धवट. "अंगावर म्हणजे... बोलण्यानं हो. शिवी दिली."

"कोणती?"

"आता बाईमाणसासमोर..."

"माझ्या बोटांनी सगळ्या टाइप केल्यात. तुमची नवीन असेल तर ज्ञानात भर पडेल. बोला."

त्यानं एक शिवी सांगितली. बाईनं ती टाइप केली आणि वर पाहिलं. "ही तर डेपोत येता-जाता देतात. मॅनेजरला देत असतील. एवढ्यावर?"

"दुसरी पण दिली."

"काल एक होती."

"बाई, तुम्हाला काय करायचंय? ते वाक्य घाला आणि सोडा मला!"

"वाक्य तुमचं तुम्ही घाला. इथं तुम्ही म्हणता, तो तुम्हाला सारखा हिणवायचा. काय म्हणायचा? सगळ्यांना नावं ठेवायचा म्हणे, साक्षीदारांनी सांगितलंय. मॅनेजर हॉर्न, झाडूवाला साहेब. तुमचं काय ठेवलं होतं?"

फिटरनं स्टूल थोडं मागे सरकवलं.

"आधी 'ढिल्या' म्हणायचा," तो शेवटी म्हणाला. "नट ढिले ठेवतो म्हणून. सगळेच म्हणायचे. मी पण हसायचो."

"मग? ढिल्या म्हणाला म्हणून मारलंत?"

"नाही."

"मग काय म्हणाला?"

"काही नाही!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की शिपायानं पेपर खाली केला. "काही म्हणाला नाही तो! तेच तर! ब्रेकचे बोल्ट मी ढिले ठेवले, गाडी उतारावरून जाऊन भिंतीला बसली. त्यानं मॅनेजरला सांगितलं, माझी चूक. स्वतःची म्हणाला! आठ दिवस त्याला घरी बसवलं. सगळ्या डेपोला ठाऊक होतं कुणाची चूक ते."

बाईची बोटं चालू होती. ते आठ दिवस तिला आठवत होते. दादा म्हणाला होता, हात दुखतोय, रजा टाकली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बसवून दिली होती त्या रजेत.

"परत आला आणि मला एक शब्द बोलला नाही," फिटर बोलतच होता, आता त्याला थांबवता आलं नसतं. "शिवी दिली असती तर बरं. दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं. सगळ्यांची टिंगल चालू, आणि मी आलो की गप्प. मला ढिल्या म्हणायचं सोडलं. नावानं हाक मारायला लागला. 'अहो' म्हणायला लागला! सगळ्या डेपोत मला एकट्याला अहो. जसा मी आजारी आहे. लोक बघायचे. महिनाभर ते सोसलं मी. त्या दिवशी तो हात धूत होता, मी मागून पाना ठेवायला गेलो. मागे न बघता त्यानं ओळखलं. म्हणाला, 'अहो, चहा घेणार का? मी निघालोय घ्यायला.'"

"मग?"

"मग मी पाना ठेवला नाही."

टक टक टक, आणि ओळ संपल्याची घंटी वाजली. बाईनं दांडा ओढून पुढची ओळ घेतली. लिहायला काही उरलं नव्हतं.

"म्हणजे शिवी नव्हतीच," ती म्हणाली.

"नव्हती."

"आईवरून?"

"मी वकिलाला सांगितलं, त्यानं लिहिलं. नंतर नंतर मलाही ऐकू यायला लागली. खरंच सांगतो बाई, आवाज यायचा. तुम्ही आज विचारलं नसतं तर..." त्यानं तोंड पुसलं. घामानं इस्त्री उतरली होती.

बाईनं कागद काढून वाचायला घेतला. घाई केली नाही. ढिल्या वाचलं, बोल्ट वाचले, आठ दिवस वाचले. 'अहो, चहा घेणार का' हे तिनं वाचलं तसं ते कदाचित दादानंच म्हटलं असेल, कारण फिटरनं एकदम मान वर केली.

"तुम्ही... त्याच्यासारखं बोलता."

"पुढं ऐका," बाई म्हणाली, आणि शेवटापर्यंत वाचलं. मग दोन्ही म्हणणी त्याच्यासमोर ठेवली. "हे कालचं, सही केलेलं. यात पश्चात्ताप नाही, ते गेलं तर समिती नाही म्हणेल. हे आजचं. कोणतं पाठवायचं ते तुम्ही ठरवा."

इथं बाईची खरी पंचाईत झाली होती, ते सांगायला हवं. कारण तिला एका नजरेत कळलं होतं की हे आजचं म्हणणं म्हणजे सोनं आहे. असं काही समितीनं बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. शेपटाची गरजच नव्हती. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले असते आणि 'खरा पश्चात्ताप' म्हणून त्याला मोकळा केला असता. ज्याला अडकवायला ती बसली होती, त्याच्या हातात तिनं स्वतःच किल्ली दिली होती, तीन प्रतींत. आणि तिच्या हातात आता काहीच नव्हतं. पेन त्याच्या हातात होतं.

फिटर आजच्या कागदाकडे बघत राहिला. "हे खोडता येईल? तेवढं चहाचं?"

"खाडाखोड चालत नाही."

"एक प्रत त्याच्या घरी जाते ना?"

"जाते. बायको वाचेल. मुलगी आता कॉलेजात आहे, ती वाचेल." बाईनं पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. "अहो, पाणी घ्या. घाई नाही."

त्या 'अहो'नं तो असा दचकला की पेन हातातून पडलं. शिपायानं उचलून दिलं. फिटरनं ते घेतलं नाही. त्याचा चेहरा बघून बाईला जे वाटलं ते लिहायला संकोच वाटतो, पण खोटं कशाला बोला: तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आंघोळ केल्यासारखं.

"कालचंच जाऊ द्या," तो म्हणाला.

"त्यावर सुटका नाही."

"कळतं मला. कालचंच जाऊ द्या. मी बसतो अजून." उठला तेव्हा त्यानं स्टुलाला धरलं. दारात पोचल्यावर मागे वळून तो पुन्हा म्हणाला, "त्यानं शिवी दिली होती," पण कुणाला म्हणाला ते काही कळलं नाही. शिपाई तर पेपराची घडी घालत होता.

शिक्कारावानं नवव्या रकान्यात 'आहे'वर काट मारली. हात जड झाला होता बिचाऱ्याचा, त्या म्हातारीची सोडली तर इतक्या वर्षांत त्या बाजूची काट कधी मारलीच नव्हती. "आणि हे काय?" त्यानं आजच्या तीन प्रती उचलल्या.

"त्यावर सही नाही."

"मग रद्दी," तो म्हणाला, आणि टोपलीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण आला, त्यानं म्हणे शेजाऱ्याला 'नुसतं ढकललं' होतं, तिसऱ्या मजल्यावरून. बाईनं त्याचं म्हणणं टाइप केलं, खालच्या बाजूला शेपूट लावलं, आणि शिक्का बसला. तिनं काही व्रत घेतलं नव्हतं.

त्या तीन रद्दी प्रतींपैकी एक मात्र टोपलीत पोचली नाही. रविवारी ती घेऊन बाई वहिनीकडे गेली. वहिनी कपडे वाळत घालत होती. बाईनं तिला खाली बसवलं आणि वाचून दाखवलं, कैद्यांना दाखवते तसं, मोठ्यानं, सावकाश. मधे वहिनीनं एकदाच तोंड उघडलं. "बोल्ट?" ती म्हणाली. "मला म्हणाले, हात दुखतोय. मी आठ दिवस तेल चोळलं त्या हाताला!"

"माझ्या घरी त्याच हातानं खिडकी बसवली."

वहिनी हसायला लागली, आणि हसता हसता तिचा पदर डोळ्यांना गेला. "सासूबाईंना..." एवढंच ती म्हणाली. वाळत घातलेल्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं.

मग वहिनी उठली, पर्समधून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि 'हरकत नाही'मधला 'नाही' इतक्या जोरानं खोडला की कागद फाटला. फाटलेल्या जागेच्या बाजूला तिनं लिहिलं: हरकत आहे. खाली सही.

"बघा चालतंय का, ताई."

"पळतंय."

वहिनीनं पेनाला टोपण लावलं, परत काढलं. "पण तो काय, पुन्हा अर्ज करेल ना? डोकं ठिकाणावर आलं, आणि पुढच्या वेळी खरं सांगून सही केली तर?"

"तीन वर्षांनी करता येतो अर्ज," टकटकबाई म्हणाली, आणि पिशवीत चष्म्याची डबी शोधत उठली. "माझ्या नोकरीची अजून पाच आहेत."